सतरा चिठ्ठ्या

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर साखऱ्याची गाडी अजून लागली नव्हती. पद्माबाईनं बोचकं मांडीवर घेतलं आणि बाकावरच्या दोघा अनोळखी गड्यांकडं पाठ केली. पाठ केली की जास्त ऐकू येतं, हा तिचा अनुभव होता.

"पुंजाजीभाऊ, आजच्या बैठकीत अमृतरावाच्या तिकिटाला तुमीच अनुमोदन दिलं, लई शोभलं."

"हरलेल्यानंच द्यायचं असते, चाँदभाई. पार्टीची रीत हाय."

"पर तिकीट तुमालाच भेटाया पाहिजे होतं."

"कसं भेटंल? आपल्या शाखेत सतरा चिठ्ठ्या पडल्या. तेरा त्याच्या, चार माझ्या. अन् आदल्या दिवशी समदे म्हणून राहिले होते, पुंजाजीच."

"व्हय, समदे तुमच्याच बाजूनं होते."

"म्हणून तर मी बिनघोर अमृतरावाचं नाव लिवलं."

"ते म्या पाहिलं. बाजूलाच बसलो होतो ना."

"आपलंच नाव आपुन लिहावं, बरं दिसते व्हय? एका चिठ्ठीनं काय होते, म्हणलं."

"मला वाटलं, तुमचं दोघांचं आतून ठरलं."

"काय ठरलं?"

"तुमी मागं सरून राहिले, असं. मंग म्या बी त्याचंच लिवलं. अन् आपल्या माणसांना डोळ्यानं इशारा केला."

"कोणाकोणाला?"

"समद्यांना."

"चाँदभाई."

"बोला, भाऊ."

"मंग माझ्या त्या चार चिठ्ठ्या कोणाच्या?"

"ते चौघं खांबाआड बसले होते. त्यांना इशारा दिसलाच न्हाई."