दहावा गोल

शिकलेल्या माणसाला समजावणं लई अवघड, बायांनो. माझे आजोबा निजामाच्या काळात हैदराबादच्या कॉलेजात फुटबॉल खेळायचे, गोलकीपर होते. एका हंगामातल्या सामन्यांची त्यांची वही एक प्राध्यापक नळदुर्गच्या प्रदर्शनात मांडायला घेऊन गेले. जाऊन बघते तर वर पाटी, ‘अजिंक्य संघ’!

"अहो सर, सगळेच्या सगळे सामने हरले होते ते!"

"आजी, थोडं गोड लिहावं लागतं. वही मोडीत आहे, कोण वाचतंय?"

"मी वाचते. ह्या वहीपायीच मोडी शिकले."

"पण हरलेला संघ बघायला कोण येईल?"

माझं डोकंच फिरलं. खुर्ची ओढून वहीपाशी बसले आणि येईल त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले, ‘आज नऊ गोल खाल्ले. दहावा छातीवर अडवला.’ नऊ ऐकून पोरं खो-खो हसायची आणि दहाव्याला टाळ्या वाजवायची. गर्दी हटंना.

संध्याकाळी सर स्वतःच येऊन उभे राहिले. "आजी, तो दहावा परत वाचा की."

म्हटलं, "आधी ती पाटी उतरवा, मग वाचते."