पडद्यावर हात दिसत नाहीत

नाही नाही, पाणी नको, बसा तुम्ही ताई — मी काही तपासायला वगैरे आले नाहीये, समाजकार्याचं शिकलेय, संस्थेने पाठवलंय, नुसतं बोलायचं — आणि तुम्ही घाबरू नका हं. म्हणजे, घाबरलेय मीच. खरं सांगू? हे पहिलंच घर माझं. तुमचे मिस्टर कामावर गेलेत ना? मान हलवलीत — म्हणजे हो असं धरते. बरं झालं बाई. तुमच्या ओठाला सूज आहे ती दिसतेय मला, लपवू नका.

तुम्ही अशा गप्प बसलात ना, की धस्स होतं मला. त्याचं काय आहे, मी शिकले घरी बसून, फोनवर. आईचं दुखणं, कॉलेज लांब — मग दुसरं काय करणार? पाठ सगळं आहे हं, कुठलंही प्रकरण विचारा! पण आमच्या तासाला कुणी गप्प झालं की समजायचं, नेट गेलं — लगेच सगळ्यांचं सुरू, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. माझी चुलत बहीण वर्गात बसून शिकली. तिच्या बाई दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या, दोघींना बसवायच्या आणि म्हणायच्या, आता तोंड उघडायचं नाही, बघायचं — हात बघ, पाय बघ, दार कुठंय ते बघ. मला हसू यायचं. दार काय बघायचं? आमच्या चौकोनांत नुसती तोंडं! आता बघा ना, या कोपऱ्यात येऊन बसले, दार राहिलं तिकडे, मधे हे एवढं टेबल —

असो, भलतंच बोलत सुटले. तुम्हाला मारहाण होते असं कळलंय आम्हाला. कुणाकडून, ते सांगायचं नसतं. पहिला नियम आहे तो. — अहो, अशा बघू नका ना माझ्याकडे. चहाडी नाही हो ती, माया आहे. वरच्या मजल्यावर एकटीने राहायचं आणि रात्रभर खालचं सगळं ऐकायचं, त्या वयात — अगं बाई. हे नको होतं बोलायला. विसरा तुम्ही. काकूंचं नाव मी घेतलंच नाही.

ताई? बोला ना काहीतरी. पांढऱ्याफटक पडलात एकदम. आणि हे मघापासून टेबलाखाली हाताने काय चाललंय तुमचं — बोट? आतल्या खोलीकडे? तिथे काय —

चपला. दारात मोठ्या चपला होत्या. ओलांडून आले मी त्या, ताई.

नमस्कार. नाही, सहजच आले होते — कुणी नाही हो सांगितलं, कुणीच नाही! भाऊ, बसा ना, दोन मिनिटं बोलू — निघालात? भाऊ, खाली जायचा जिना तिकडे आहे, वर कुठे — अहो भाऊ! ताई, ते टेबल ओढा आधी, अडकलेय मी, ओढा ना — काकू! काकू, दार उघडू नका! ऐकू येतंय का? काकू, ऐकू येतंय का —