आर्याच्या कपातला वाल

नाही, पण मला तुम्ही सांगा, शाळा म्हटल्यावर पुस्तक असावं की नसावं? एक तरी? आमची आर्या इथं इंग्लंडात, बेसिंगस्टोकला दुसरीत, म्हणजे यांच्या भाषेत इयर टू, आणि संध्याकाळी दप्तर उघडावं तर आत काय, पाण्याची बाटली, अर्धं खाल्लेलं सफरचंद आणि चिखलानं माखलेले मोजे, कारण मंगळवारी म्हणे यांची जंगलातली शाळा असते, मुलं काटक्या गोळा करतात आणि चिखलाचा केक करतात, आणि 'काय गं, आज काय शिकलीस?' विचारलं तर 'नथिंग.' काल काय शिकलीस? 'नथिंग.' अहो, मी पुण्यात दुसरीत होतो तेव्हा दिवेलागणीला परवचा, बे एके बे पासून सुरू, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि ही पोरगी बे सक बोटांवर मोजते... पण मी बोललो का काही? नाही बोललो.

आता बोललो नाही त्याला कारण आहे. बोलण्याचाच तर प्रश्न आहे आमच्याकडे. म्हणजे घरात ही बया उठल्यापासून झोपेपर्यंत टकळी चालू, कान किटतात, आणि शाळेत मात्र मिठाची गुळणी. माझ्या नोकरीपायी आम्ही मेडनहेड सोडून इकडे आलो, शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या, आणि तेव्हापासून वर्गात हिनं एक शब्द म्हणून काढलेला नाही. हात वर करणं नाही, उत्तर देणं नाही. तिची मिस, मिस हॉपकिन्स, मला गेटवर काय म्हणते माहितीये? मान अशी एका बाजूला करून, 'शी इज सच अ लव्हली लिटल लिसनर.' तुम्हाला सांगतो, या देशात कुणी मान वाकडी करून लव्हली म्हटलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. लिसनर म्हणे. माझ्या पोरीचं तोंड कधी उघडणार या काळजीनं माझी झोप उडालेली, पण मी बोललो का काही?

तर गेला आठवडा यांचा झाडांचा आठवडा. आठवडाभर सगळं झाडांचंच. गणित काय, तर कोंब पट्टीनं मोजा. चित्रकला काय, तर कोंब काढा. पीटीला काय, तर सगळ्यांनी जमिनीवर मुटकुळं करून बसायचं आणि मिसनं टाळी वाजवली की हळूहळू उगवायचं. वर प्रत्येकाचा एक प्लॅस्टिकचा कप, त्यात कापूस, कापसात एक घेवड्याचं बी, हे आधीच्या आठवड्यात लावलेलं, आणि शुक्रवारी असेंब्ली, आईवडलांनी येऊन बघायचं की आमची मुलं काय शिकली. सोमवारी मी सहज विचारलं, काय गं, तुझं किती उगवलं? तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणते, 'माझा बी नाही उगवणार. मिस म्हणाली.'

मिस म्हणाली? एका लहान पोरीला, आधीच घुमी झालेली, तिला मास्तरीण तोंडावर सांगते की बाई गं, तुझं उगवणार नाही? माझं डोकंच फिरलं. देवयानी, म्हणजे माझी बायको, ती इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, ती म्हणाली, 'अरे गिरीश, एकदा मिसला विचार ना. काहीतरी कारण असेल.' विचारायचं काय त्यात? आपण बाहेरून आलेली माणसं, आपल्या पोरीच्या कपात किडकं बी घातलं असणार, संपला विषय. मी मिसला बोललो का काही? नाही बोललो. मी म्हटलं, आता करूनच दाखवतो.

आता दुर्दैव बघा. देवयानी अलिबागची, आणि त्या आठवड्यात तिला वालाच्या बिरड्याचे डोहाळे लागलेले, म्हणजे तसले नव्हे, नुसतेच. वाल भिजवून, फडक्यात बांधून, बॉयलरच्या कपाटात ठेवलेले, कारण इथल्या थंडीत मोड दुसरीकडे कुठं येणार. बुधवारी सकाळी फडकं सोडलं तर हे असे मोड, पांढरेशुभ्र, टपोरे. आणि बुधवारी माझी वर्गात जायची पाळी. इथं पालकांनी जाऊन मुलांचं वाचन ऐकायचं असतं, मी घरून काम करतो, तर देवयानीनं माझं नाव देऊन टाकलेलं. मी त्यातला सगळ्यात दांडगा वाल निवडला, ओल्या टिश्यूत गुंडाळला आणि कोटाच्या खिशात टाकला.

वर्गात मला बसायला खुर्ची दिली ती बाहुलीची असावी. गुडघे कानाशी. समोर एकेक पोरगं येऊन मांजर चटईवर बसल्याचं वाचून दाखवतंय, मी 'व्हेरी गुड, व्हेरी गुड' म्हणतोय आणि डोळा सगळा खिडकीत. तिथं कप मांडलेले, कपावर नावं, सगळ्यांचे हिरवेगार, नुसते डोलतायत, आणि मधे माझ्या पोरीचा कप. कापूस कोरडा ठाक. अहो, पाण्याचा थेंब नाही. कपावर मात्र निळ्या रंगात एक थेंब काढलेला आणि त्यावर ही मोठी लाल फुली. मी म्हटलं, पोरं काय, काहीही चितारतात. खेळायची सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला, मी उठलो, म्हणजे खुर्चीसकट उठलो, ती काढली, आणि आर्याचं बी बाहेर, आपला वाल आत, वर माझ्या बाटलीतलं पाणी, आणि कप सरकवून रेडिएटरच्या वर. कुणी बघितलं नाही. छाती अशी भरून आली म्हणून सांगू.

गुरुवारी दुपारी मी घरी तुपातला शिरा करून ठेवला, काय समजलात, सेलिब्रेशन. पोरीला आणायला गेलो तर डोळे लाल. रस्ताभर बोलली नाही. घरात आल्याआल्या टेबलाखाली शिरली आणि तिथून आवाज, 'बाबा, माझा बी उगवला.' मी आपला आश्चर्य वाटल्यासारखं, 'काय सांगतेस? वा वा वा, बघितलंस?' तर जी भोकाड पसरलं तिनं... 'उगवायचा नव्हता! सगळ्यांना पाणी दिला, माझ्याला नाही दिला, फेअर टेस्ट होती! मिस विचारली, कोण पाणी न देता ठेवणार, कोणीच नाही म्हणाला, मग मी हात वर केली!'

हात वर केली. आमच्या आर्यानं. शाळा बदलल्यापासून पहिल्यांदा. पाण्याशिवाय बी उगवतं का, हा सगळ्या वर्गाचा प्रयोग तिच्या एका कोरड्या कपावर उभा, ते न उगवणं हेच तिचं काम, आणि त्याबद्दल शुक्रवारच्या असेंब्लीत तिला एक वाक्य मिळालेलं, तिचं एकटीचं, अख्ख्या शाळेसमोर. 'माय बीन हॅड नो वॉटर, सो इट डिड नॉट ग्रो.' आठवडाभर बाथरूममध्ये पुटपुटत होती ते हे. मला वाटायचं, साबणाशी खेळतेय. मी तिथंच फरशीवर बसलो आणि टेबलाखाली वाकून तिला सगळं सांगितलं, वाल, खिसा, पाणी, सगळं. तिनं ऐकून घेतलं, शिऱ्याची ताटली माझ्याकडे ढकलली, आणि मग माझ्याशीही बोलायची बंद झाली. मला इतकं वाईट वाटलं ना... शिरा मी एकट्यानं खाल्ला, आणि तो गोडही लागला नाही.

शुक्रवारी सकाळी मी मिसला गाठायला धावलो, म्हटलं, आता बोलायचंच. तर मिसच्या हातात कपांचा ट्रे, भोवती कागदी पानांचे मुकुट घातलेली सगळी फौज, कुणाचं पान फाटलंय, कुणाला शू आलीय, आणि ती माझ्याकडे बघून, 'लव्हली टू सी यू, डू टेक अ सीट.' बसलो. शेजारी देवयानी, नाइट करून थेट आलेली, तिला मी काही सांगितलंच नव्हतं. एकेक पोर पुढे येतंय, माझ्या बीला सूर्य मिळाला, माझ्या बीला हवा मिळाली, टाळ्या... आणि मग आर्या. हातात कप. कपात तो वाल, कोंब वर काढून मस्त उभा. ती गप्प. मिस खालून ओठ हलवतेय. मी मनात म्हणतोय, बोल गं बाई, काहीही बोल, खोटं बोल, पण बोल.

'माय बीन हॅड नो वॉटर,' ती म्हणाली. थांबली. मग माझ्याकडे बघितलं, आणि खणखणीत, मागच्या भिंतीवर आपटून परत येईल अशा आवाजात, 'इट शुड नॉट ग्रो. बट माय बाबा केम ऑन वेन्सडे, ही सेड व्हेरी गुड टू एव्हरीबडी, अँड देन ही टुक माय बीन अँड पुट हिज डिनर इन माय कप!' आणि थांबते कुठली? खिसा सांगितला, टिश्यू सांगितला, बॉयलर सांगितला, माझी चाल करून दाखवली, खुर्ची अडकलेली तिनं बघितलीही नव्हती तर ती पण करून दाखवली. हॉल हसून लोळतोय. देवयानी हळूच एक खुर्ची सोडून पलीकडे जाऊन बसली. आणि मी? तुम्हाला सांगतो, लाजेनं कान पेटलेले आणि डोळ्यांतून पाणी, कारण ती बोलत होती हो, थांबत नव्हती, आणि अख्खी शाळा तिचं ऐकत होती.

मिस मोठ्या मनाची. म्हणाली, यावरून काय शिकलो? प्रयोगात मधेच कुणी हात घातला तर तो प्रयोग राहत नाही. सोमवारपासून परत करू. मग तिनं विचारलं, बी उगवायला काय काय लागतं? वॉटर, सनलाइट, एअर, असं होता होता मागून कुणीतरी ओरडलं, 'आर्याज डॅडी!' तिनं तेही फळ्यावर लिहून टाकलं.

आता सोमवारपासून नवा कप, कोरडा कापूस, तीच लाल फुली, आणि आर्याच मुख्य. रोज सकाळी गेटवर सगळे आईबाप उभे, मिस दारात, आणि आमची ती लव्हली लिटल लिसनर वळून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणते, 'बाबा, खिसे.' आणि मी काही न बोलता दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो.