कोंबड्यांची कावीळ

कोंबड्यांनाही कावीळ होते, हे आमच्या दाजींनी सिद्ध केलं होतं. संगमनेरात नुकतीच केबल आली होती, तेव्हाची गोष्ट. दाजींचं ब्रॉयलरचं शेड होतं. पक्षी आजारी पडू नयेत म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी खाद्यात चिमूटभर हळद घालायला सांगितली. दाजी घमेल्यानं घालू लागले. पक्षी चोचीपासून नखापर्यंत पिवळे झाले.

व्यापारी दारातूनच फिरला. "कावीळ झालेला माल आपन न्हाई घेत."

दाजी घाबरून राजूरच्या वैदूकडं गेले. कावीळ कुणाला झालीय हे न विचारताच त्यानं मुळी दिली, पथ्य सांगितलं, "तेल आन् हळद बंद."

आठवड्यात पक्षी पांढरे, व्यापारी हजर.

मी म्हणालो, "दाजी, ती तुमची हळदच होती."

"व्हय, पन घाला म्हनला डॉक्टर. बंद करा म्हनायला वैदूच लागला न्हवं!"