तांब्याला दोनच दात

काका, चार दातांचा कटर तांब्याला चालला असता, असं मी अजूनही म्हणतो. तुम्ही ऐकलं नाहीत. आणि आता भांडायचीही सोय ठेवली नाहीत.

मंडळी, माफ करा. काकांच्या शोकसभेला यायला सुटी मिळाली नाही, म्हणून जमशेदपूरहून हे लिहून पाठवतोय. शांताताई वाचून दाखवेल. मी शिकलो जेमतेम चौथीपर्यंत. काकांवर बोलणं माझ्याने होत नाही. पण गप्प बसणं त्याहून होत नाही.

ग्वाल्हेर दरबारचं वर्कशॉप बंद झालं आणि काका घरी बसले. बसले कसले! धातू कोरायचं जुनं, छोटं मिलिंग मशीन आणून ओसरीत मांडलं. आमच्या गोरखी मोहल्ल्यातले लोक हसले. "नाना, म्हातारपणी खेळणं घेतलंत?" काका म्हणाले, "घेतलं. तुम्ही पत्ते खेळा."

मग दारावरच्या नावाच्या, तांब्याच्या पाट्या कोरायला लागले. एकदा मी घाईत पितळेसाठीचा कटर तांब्याला लावला. त्याची धार मुद्दाम बसकी केलेली असते. तांबं चिवट. ते कापलं गेलंच नाही, दातांना लिंपून बसलं, पाटी फाटली. काका चिडले की हिंदीत जायचे. "क्यों भई, हो गई तसल्ली?"

मग डबी उघडली. तांब्यासाठीचे कटर वेगळे. दोनच दात, मधे चुरा पडायला मोकळी जागा. धार अशी, की नख सोललं जावं. लोखंडाला ते कधी लावले नाहीत. मी म्हटलं, चार दात लावा, लवकर होईल. "तुला गाडी पकडायचीय का?"

गाडी मी पकडलीच, जमशेदपूरची. इथे कारखान्यात तांबं आलं की मी दोन दातांचाच कटर मागतो. हे काकांना कळवलं नाही. मुद्दाम नाही कळवलं. हरलो असं का लिहू?

आता राजधानी ग्वाल्हेरातून भोपाळला गेली, आणि काकांच्या मुलाची, वसंताची, म्हणजे आमच्या दादाची बदलीही तिकडेच झाली. तो मशीन हजीरा भागातल्या भंगारवाल्याला देतोय. कटरांच्या डबीसकट, वजनावर! दादा, वजनावर? आणि मंडळी, तुम्ही माना डोलावता? तुमच्यातल्या कितीजणांच्या दारावर काकांची पाटी आहे? "ग्वाल्हेरात आता काय उरलंय," असं कुणी म्हणालं म्हणे. काकांनी विचारलं असतं, तांब्याला बदलीचा हुकूम आलाय का?

काकू ग्वाल्हेर सोडणार नाही. मशीनही ओसरी सोडणार नाही. मी येऊन चालवीन.

उभे राहा, दोन मिनिटं शांत राहा, माझा नमस्कार त्यात धरा. मग भंगारवाल्याला वाटेला लावा. तो एकशे वीस देतोय ना? दादा, मी मनिऑर्डर करतोय. एकशे एकवीस रुपये.