ओव्यांची फाईल

भोईवाड्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दर्शना नंबर यायची वाट बघत बसली होती. तिच्या पुढे जाईबाई. काउंटरवर त्यांचा पंचवीस वर्षांचा कॉम्प्युटर, दुकानदार हितेंद्रने कसाबसा जागा केलेला.

"मावशी, फाईल उघडली, पण मराठी नाय दिसत. नुसती वेडीवाकडी इंग्लिश अक्षरं. खराब झाली वाटतं."

"असं नको रे बोलू. सासूबाई ओव्या म्हणायच्या, आमचे हे शेजारी बसून टाईप करायचे. दोघंही गेली. ओव्या तेवढ्या यात राहिल्यात."

"थांबा जरा. तेव्हा मराठीला वेगळा फॉन्ट लागायचा, तोच उडालाय. माझ्या जुन्या सीडीत असेल... हां, बघा!"

"आली रे बाबा! वाच ना, चष्मा घरी राहिला."

"'गिरणीचा भोंगा बाई, हाक देतो चाळीला, ऊन भाकर बांधते मी कामावरच्या बाळाला.' आणि पुढे हे काय? 'अगो जाई, दूध उतू गेला, धाव गो!'"

दर्शनाने मोबाईल खाली ठेवला.

"मावशी, हे ओवीतलं नाय. चुकून टाईप झालंय. काढून टाकू?"

"हात नको लावूस त्याला. तेवढंच परत वाच."