नुसताच आलोय

दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलेल्या बाईंना शेजारच्या बहीण-भावाचं बोलणं ऐकू येत होतं.

“मॅनेजरची खुर्ची गेली तेव्हापासून तुझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. आज झोपेची गोळी मागच.”

“ताई, काल लागली झोप.”

“गोळीशिवाय?”

“प्रार्थनेला बसलो होतो. एरवी येशूपुढे माझ्या पराक्रमांचे पाढे वाचायचो. काल सांगायला काही उरलंच नव्हतं. म्हटलं, प्रभू, नुसताच आलोय.”

बाईंची बोटं थांबली.

“मग?”

“आमेन म्हणायच्या आत घोरायला लागलो.”

“देवासमोर?”

“लेकरू मांडीवर झोपलं तर बाप रागावतो का?”

“मग इथे कशाला आलास?”

“तूच ओढून आणलंस!”

“चल घरी. आता मलाही झोपू दे.”